पाऊस चुकला आणि शहर वसले : गोंदियाच्या हवेचा इतिहास

थंडीच्या दिवसांत नागपूरची वर्तमानपत्रे विदर्भातील शहरांचे किमान तापमान एका चौकटीत छापतात. त्या चौकटीत सर्वांत खालचा आकडा अनेकदा गोंदियाचा असतो. शाळेतला भूगोल लक्षात असलेल्याला हे खटकावे असेच आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच, बुलढाणा सुमारे ६५० मीटर, आणि गोंदिया जेमतेम ३०० मीटर. उंचावर गारवा वाढतो, हा नियम येथे उलटा का पडतो?

उत्तर नकाशात आहे. गोंदियाच्या उत्तरेला सातपुडा आणि मैकल यांचे डोंगर, पूर्वेला दरेकसा-सालेकसाच्या टेकड्या, आणि मध्ये वैनगंगा, बाघ, चुलबंद यांच्या पाण्याने भिजलेली सखल भूमी. पावसाळा सरला की आकाश निरभ्र होते. लांबलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते. थंड झालेली हवा जड असते. ती उतारावरून घसरत सखल भागात साचते, जसे पाणी बांधीत साचते. डोंगरमाथ्यावरच्या गावाची थंड हवा खाली निघून जाते, खोऱ्यातल्या गावाची जात नाही. त्यात उत्तरेचा वारा आणि भोवतालच्या जंगलाची व ओल्या शेतांची भर.

अशा रात्री जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर, अशी उलटी रचना होते. शास्त्र त्याला तापमान व्युत्क्रमण म्हणते. उबदार थर झाकणासारखा वागतो. खालचा धूर वर जात नाही. गोंदियाच्या पहाटेला चुलीच्या, कोळशाच्या आणि जळक्या तुसाचा जो वास येतो, त्याचे कारण हे झाकण. झाकण निसर्गाचे आहे. त्याखाली काय शिजले, ते मात्र इतिहासाचे.

तो इतिहास धुरापासून सुरू होत नाही. तो पावसापासून सुरू होतो.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग यांना मिळून झाडीपट्टी म्हणतात. हा धानाचा मुलूख. येथील शेतकऱ्याचे पंचांग नक्षत्रांवर चाले. मृगात पऱ्हे टाकायचे, आर्द्रा ते पुष्य या काळात चिखल करून रोवणी आटोपायची, आणि मग सारी भिस्त हस्तावर. सप्टेंबरच्या अखेरीस लागणारे हे नक्षत्र धानाच्या दृष्टीने निर्णायक. लोंबी बाहेर पडून दाणा भरण्याची ती वेळ. जून-जुलैत कितीही कोसळला तरी हस्ताचा पाऊस चुकला की लोंबी उभी राहते, आत दाणा नसतो. पश्चिम विदर्भातील ज्वारी-कपाशीची काळी जमीन ओल धरून ठेवते; धानाला मात्र बांधीत पाणी उभे लागते.

हा धोका जुन्या लोकांना पुरता ठाऊक होता, म्हणून त्यांनी तलाव बांधले. गोंड राजांच्या काळापासून जो तलाव बांधील त्याला जमीन देण्याची पद्धत होती, आणि या कामात कोहळी समाजाचा हातखंडा. दोन टेकड्यांमधली नेमकी जागा हेरून मातीची पाळ घालायची, की मागे जलाशय आणि पुढे धानाच्या बांध्या. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला, अशी परंपरा आहे. असे हजारो लहानमोठे तलाव या पट्ट्यात आहेत. आज त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. त्यात नातेवाईक कोणी नाही. 'माजी मालगुजारी' या शब्दांची ती सरकारी आद्याक्षरे आहेत. हस्त चुकले तर एक-दोन पाणी तलावातून मिळावे, हा त्यांचा हेतू. एक वर्ष ते तारून नेत. लागोपाठची वर्षे वाईट गेली तर तलावच कोरडे पडत.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. त्याच्या एकच वर्ष आधी, १८७५ मध्ये, भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली होती. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतर १८६६ व १८७१ मधील पावसाचा घात, ही तिची कारणे. हेन्री ब्लॅनफर्ड हा खात्याचा पहिला प्रमुख. हिमालयात बर्फ जास्त पडले की पुढचा मान्सून दुबळा होतो, असा आडाखा त्याने मांडला आणि १८८०च्या दशकात त्यावर अंदाज बांधायला प्रारंभ केला.

दुष्काळाने सरकारला दुसराही एक धडा दिला. छत्तीसगडात भात होता, पण तो बाहेर काढायला रस्ता नव्हता. बैलगाडी आणि तांड्याचे बैल यांच्यावर धान्य चालले की वाटेतच त्याची किंमत दुप्पट होई. नागपूर-छत्तीसगड रेल्वेची योजना आधीपासून कागदावर होती. दुष्काळाने तिला घाई आली. १८७८ मध्ये काम सुरू झाले आणि १८८०च्या दशकाच्या आरंभी मीटरगेज गाडी नागपुराहून तुमसरमार्गे राजनांदगावला जाऊ लागली. वाटेत दरेकशाचा घाट होता. तेथे डोंगर पोखरून बोगदा काढावा लागला. ज्या टेकड्यांत कचारगडची गुहा आहे, जेथे आजही माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, त्याच टेकड्यांतून इंजिनाचा पहिला धूर गेला.

१८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने हा मार्ग विकत घेऊन रुंद केला आणि १८९१ मध्ये तो आसनसोलपर्यंत नेऊन भिडवला. आता नागपूरचा माल थेट कलकत्त्याकडे जाऊ शकत होता. गोंदिया या मार्गावरचे एक स्थानक होते, एवढेच. परिसरातील जुने वजनदार गाव म्हणजे कामठा, जमीनदारीचे ठिकाण. गोंदियाचे नाव गोंड लोकांवरून किंवा त्यांनी जंगलातून गोळा केलेल्या डिंकाच्या, म्हणजे गोंदाच्या, व्यापारावरून पडले असे सांगतात. दोन्ही व्युत्पत्ती कानाला गोड लागतात. तेवढ्यावरून त्या सिद्ध होत नाहीत.

मग आला १८९६ चा पावसाळा. त्याआधीची काही वर्षे मध्य प्रांताला वाईटच गेली होती. अवेळी पावसाने गव्हावर तांबेरा पडत होता. १८९६ मध्ये पाऊस आरंभी भरपूर झाला आणि ऐन पोसवणीच्या काळात थांबला. हस्त कोरडे गेले. धानाची उभी पिके बांधीतच वाळली. १८९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळी कामे, अन्नछत्रे आणि पाठोपाठ रोगराई. लोक जरा सावरतात तोच १८९९ उजाडले.

त्या वर्षी हवामान खात्याचा प्रमुख होता जॉन एलियट. त्याने चांगल्या पावसाचा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात गेल्या दीडशे वर्षांतील सर्वांत वाईट मान्सूनांपैकी एक त्या वर्षी झाला. राजस्थान-गुजरातेत विक्रम संवत १९५६ वरून त्याला 'छप्पनिया' म्हणतात. अंदाज एवढा फसला की पुढची काही वर्षे खाते आपले अंदाज जाहीर न करता गोपनीय ठेवू लागले. एलियटनंतर आलेला गिल्बर्ट वॉकर हा मूळचा गणिती. भारतातील पावसाचे धागे जगभरच्या वायुदाबात शोधता शोधता त्याला पॅसिफिक महासागराच्या दोन टोकांमधला दाबाचा झोका सापडला. त्या झोक्याचा एल निनोशी असलेला संबंध १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस याने स्पष्ट केला. १८७७, १८९६ आणि १८९९ या तिन्ही वर्षी एल निनोची स्थिती होती, हे आज माहीत आहे. भंडाऱ्याच्या बांधीत वाळलेल्या लोंबीचे एक कारण पेरूच्या किनाऱ्यापाशी तापलेल्या पाण्यात होते.

आकडा एकच द्यायचा तर हा. १९०१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची, म्हणजे आजचा गोंदिया ज्यात होता त्या जिल्ह्याची, लोकसंख्या ६,६३,०६२ भरली. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत ती सुमारे ११ टक्क्यांनी घटली होती. यात मेलेले किती, गाव सोडून गेलेले किती आणि जन्मलेच नाहीत असे किती, हे त्या आकड्यातून वेगळे काढता येत नाही. पण तलावांच्या या मुलुखात दर नऊ माणसांमागे एक कमी झाला, असा त्याचा साधा अर्थ होतो.

आणि रेल्वे? ती तर दुष्काळासाठीच बांधली होती. येथे इतिहासकारांचे दोन तट पडतात. मिशेल मॅकअल्पिन यांच्या मते रेल्वेमुळे धान्य टंचाईच्या प्रदेशात पोहोचू लागले आणि दीर्घकाळात दुष्काळाची धार कमी झाली. माइक डेव्हिस यांच्या मते त्याच रुळांवरून धान्य गरिबांच्या दारातून उचलले गेले आणि जिथे भाव चढा तिथे गेले. दुष्काळग्रस्ताकडे धान्य नव्हते त्यापेक्षा पैसा नव्हता ही गोष्ट मोठी. झाडीपट्टीच्या बाबतीत दुसरे म्हणणे अधिक पटते. रुळाशेजारच्या गावातला भाव आता स्थानिक पिकावर ठरत नव्हता, आणि मजुरी मात्र स्थानिक पिकावरच ठरत होती. ज्याची बांधी वाळली त्या मजुराला गोदामातला तांदूळ दिसत होता. घेता येत नव्हता.

दुष्काळानंतर दोन प्रकारची कामे झाली. एक पाण्याची: १९०१ च्या सिंचन आयोगानंतर मध्य प्रांतात सरकारी जलाशय उभे राहू लागले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत बोदलकसा, चोरखमारा यांसारखे तलाव झाले. दुसरे काम रुळांचे. १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत सातपुड्यातून नॅरोगेज मार्ग निघाला. रुळांतले अंतर अडीच फूट. त्यानंतर काही वर्षांत दक्षिणेला नागभीड-चांद्याकडे जाणारा फाटा झाला. पूर्व-पश्चिम रुंद मार्ग आणि उत्तर-दक्षिण अरुंद मार्ग जेथे एकमेकांना भेटले, ते ठिकाण गोंदिया.

नॅरोगेजचा डबा रुंद मार्गावर चालत नाही. म्हणून बालाघाटचा तांदूळ, सातपुड्यातील लाख, डिंक, मोहफुले, लाकूड, सारे गोंदियाला उतरवून पुन्हा चढवावे लागे. रुळांमधल्या या विसंगतीवर शहर पोसले. हमाल आले, अडते आले, गुजरात-मारवाडकडचे व्यापारी आले, छत्तीसगडी आणि तेलुगू कामगार आले. गोंदियाच्या बाजारात आजही मराठी, हिंदी, छत्तीसगडी, पोवारी एका वाक्यात नांदतात, त्याचे मूळ या माल-उतरणीत आहे. पाऊस चुकल्यामुळे रूळ आले आणि रूळ आल्यामुळे गाव शहर झाले.

विडीचा धंदाही याच वाटेने आला. १८९९ च्या दुष्काळात गुजरातेतून बाहेर पडलेली कुटुंबे मध्य प्रांतात रेल्वेच्या कामांवर आली. जबलपुरात मोहनलाल आणि हरगोविंददास पटेल यांनी १९०२ च्या सुमारास तेंदूच्या पानाची विडी व्यापारी प्रमाणावर बनवायला सुरुवात केली, असे विडीचा इतिहास सांगतो. तेंदूचे पान या जंगलात मुबलक, लवचीक, वाळल्यावरही न तुटणारे. गोंदिया-भंडारा हा विडीचा मोठा पट्टा झाला. घरोघरी बायका सुपात तंबाखू घेऊन विड्या वळू लागल्या. घरातल्या हवेत तंबाखूची बारीक धूळ तेव्हापासून आहे. १९६६ मध्ये विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पण त्याचा हात कारखान्यापर्यंत पोहोचे तसा घरातल्या सुपापर्यंत सहज पोहोचत नसे.

शहराच्या हवेला खरी ओळख मात्र दिली तांदळाच्या गिरण्यांनी. आधी ढेकीवर आणि उखळात होणारे काम विसाव्या शतकात यंत्रावर गेले आणि गोंदिया 'तांदळाचे शहर' म्हणून ओळखले जाऊ लागले. १०० किलो धान भरडले की सुमारे ६७ किलो तांदूळ मिळतो. सुमारे २० किलो निघते ते तूस. हलके, टाकायला जागा न मिळणारे, पण चांगले जळणारे. उसना तांदूळ करायचा तर धान भिजवून वाफ द्यावी लागते, वाफेला बॉयलर लागतो, आणि बॉयलरला हे तूसच इंधन. गिरणीवाल्याच्या हिशेबात याहून सोयीचे काही नाही. तूस जळल्यावर त्याचा पाचवा हिस्सा राख उरतो आणि तिच्यात बहुतांश सिलिका असते. ही काळी-करडी, पिसासारखी राख वाऱ्यावर उडते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, गच्चीवरच्या पापडांवर उतरते. धान कापून होते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. गिरण्यांचा भर हंगाम त्यानंतर. म्हणजे ज्या महिन्यांत थंड हवेचे झाकण खोऱ्यावर बसते, नेमक्या त्याच महिन्यांत सर्वाधिक तूस जळते. यात कोणाचा कट नाही, पिकाचे आणि आकाशाचे वेळापत्रक एकच आहे.

दिल्लीचा हिवाळा ऐकून अनेकांना वाटते की येथेही शेतातले काड जाळल्याने धूर होत असेल. झाडीपट्टीत धानाची तणीस हा गुरांचा वर्षभराचा चारा. चुरणी झाली की तिचे ढीग घराशेजारी रचले जातात. हार्वेस्टर यंत्र आले तिथे काड शेतात उरू लागले आणि काही ठिकाणी जळूही लागले, हे खरे. पण ती परंपरा येथली नव्हे.

येथला जुना धूर वेगळा आणि तो उन्हाळ्याचा. मार्च-एप्रिलात मोह गळतो. झाडाखालचा पाचोळा पेटवून दिला की पहाटे पडलेली पिवळसर फुले स्वच्छ जमिनीवर वेचता येतात. तेंदूला आगीनंतर कोवळी पालवी जोमाने फुटते, असाही समज. पेटवलेला पाचोळा झाडाखालीच थांबत नाही. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरते आणि त्याआधी जाळरेषा आखून घेते. नागझिऱ्याच्या जंगलात उठलेला धूर मात्र शहरावर फार काळ बसत नाही. उन्हाळ्यात तापलेली हवा उंच उसळते आणि तो विरून जातो. तितकाच धूर डिसेंबरात झाला असता तर गोष्ट निराळी होती.

कोळशाची इंजिने गेली. गोंदियाहून जाणारे नॅरोगेज मार्ग विसाव्या शतकाच्या अखेरीपासून एकामागून एक रुंद झाले. जबलपूरच्या मार्गावरचे काम २०२० च्या सुमारास पुरे झाले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ काढायची जबाबदारी ज्याची होती तो मालगुजारच राहिला नाही. भंडाऱ्यातून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा झाला. तलाव आणि बांध्या टिकल्या तिथे सारस टिकला. महाराष्ट्रात तो जवळजवळ याच पट्ट्यात उरला आहे.

कोळसा मात्र दुसऱ्या दाराने परतला. २०१२ ते २०१४ या काळात तिरोड्याला औष्णिक वीजप्रकल्पाचे ६६० मेगावॅटचे ५ संच एकामागून एक सुरू झाले. एकूण क्षमता ३३०० मेगावॅट. या प्रकल्पासाठी आधी चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा येथील कोळसा खाण योजलेली होती. ती ताडोबाच्या जंगलालगत येत असल्याने मोठे आंदोलन झाले आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तिची प्रक्रिया थांबवली. वाघाचे जंगल वाचले. कोळसा दुसरीकडून आला.

औष्णिक केंद्रांच्या उंच चिमण्यांमागे झाकणाचेच गणित असते. धूर व्युत्क्रमणाच्या थरापेक्षा वर सोडला तर रात्री तो खाली उतरत नाही, दूर वाहून जातो. सकाळी ऊन चढले, थर मोडला, की वरचे काही खाली मिसळते. त्यामुळे उंच चिमणीचा धूर आणि गल्लीतल्या चुलीचा धूर यांची तुलना टनांत करून भागत नाही. कोणता धूर नाकाच्या उंचीवर किती वेळ राहतो, हे पाहावे लागते. २०१५ मध्ये केंद्राने औष्णिक केंद्रांच्या गंधक-डायऑक्साइडवर नव्या मर्यादा घातल्या आणि नंतर त्यांची मुदत वारंवार पुढे ढकलली.

हवेतील सूक्ष्म कणांचे भारतीय प्रमाण २००९ मध्ये ठरले: अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण २४ तासांच्या सरासरीत घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली. सरासरी २४ तासांची असते, हे गोंदियासारख्या खोऱ्यातल्या गावासाठी विशेष महत्त्वाचे. दुपारी वारा असतो, ऊन असते, आकडा उतरतो. पहाटे ४ ते ८ या वेळेत, झाकण सर्वांत घट्ट असताना, रेल्वे स्थानकाबाहेर शेकोटी पेटवून बसलेला हमाल, गिरणीत पोते उचलायला निघालेला मजूर आणि डोक्यावर मोळी घेऊन शहरात शिरणारी बाई या तिघांच्या वाट्याला जी हवा येते, ती त्या सरासरीत दुपारच्या स्वच्छ हवेत मिसळून जाते.